पासिंग कागदाचे की चाकाचे?

"गाडी लांबूनच दाखवली तरी चालेल. कागद तेवढे माझ्याकडे द्या, पासिंगचे मी बघतो."

परिवहन कार्यालयाबाहेरच्या एका टेबलावर बसलेल्या एजंटाने आम्हाला हे सांगितले. सरकारी शुल्क वेगळे आणि त्याचे साडेचार हजार वेगळे. आमच्यापैकी दोघांनी लगेच मान डोलावली. एक दिवसाची मजुरी वाचते, रांग वाचते, साहेबांचे प्रश्न वाचतात. मग अडचण कुठे आहे?

अडचण उजव्या पुढच्या चाकात होती. त्या चाकाचे बेअरिंग गेलेले होते, आणि साडेचार हजार घेणारा माणूस त्या चाकाकडे पाहणारही नव्हता.

मित्रहो, या लेखाचा विषय काहींना फार साधा वाटेल. विचारांच्या लढाईत गाडीचे पासिंग आणि बेअरिंग यांचे काय काम, असे कोणी विचारेल. पण कायद्याच्या राज्याची भाषा रोज बोलणारे आपण, स्वतःच्या गाडीच्या तपासणीची वेळ आली की कायदा बाजूला ठेवून दलालाचा हात धरतो. हे का होते आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच आम्हाला येथे मांडायचे आहे.

आमची गाडी म्हणजे पाच माणसे बसतील अशी पेट्रोलवरची लहान मोटार. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून ती घेतली तेव्हाच ती नऊ वर्षांची होती. नावावर एकाच्या आहे, पण वापर वस्तीचा. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे असेल, तालुक्याला मोर्चाचे साहित्य न्यायचे असेल, सहा डिसेंबरला दोन म्हाताऱ्या आयांना दादरला पोहोचवायचे असेल, तर हीच गाडी निघते. यंदा तिच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण होत होती.

पंधरा वर्षे म्हटले की पहिला गैरसमज पुढे येतो. "आता ही भंगारात द्यावीच लागणार," असे आम्हाला किमान दहा जणांनी सांगितले. फोनवर फिरणारे निरोपही हेच सांगतात. वस्तुस्थिती काय आहे? मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी हरित न्यायाधिकरणाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आली, आणि ते आदेश दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रासाठी होते. महाराष्ट्रातल्या गाडीला ते लावून भीती घालण्याचे काम जुन्या गाड्या पडत्या भावात उचलणारे लोक करतात. भीतीपोटी आपल्या ओळखीच्या एका कुटुंबाने चांगली चालणारी गाडी भंगाराच्या भावाने देऊन टाकली. कलम वाचले असते तर ती वाचली असती.

पण कलम वाचले म्हणजे चाक दुरुस्त होते असे नाही. येथे आम्हाला आमचीच चूक कबूल केली पाहिजे.

पावसाळ्यात एका रात्री वस्तीतल्या एका ताईला कळा सुरू झाल्या. आम्ही तिला आणि तिच्या सासूबाईंना घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयाकडे निघालो. गाडीने पन्नासचा वेग घेतला की खालून घूं घूं असा आवाज येत होता. वेग वाढला की आवाज वाढे, कमी केला की उतरे. तो आवाज दोन महिन्यांपासून येत होता. आम्ही "टायर खराब झालेत, त्याचा आवाज असेल" असे म्हणून सोडून दिले होते. त्या रात्री सासूबाईंनी विचारले, "बाबा, ही गाडी पोहोचवेल ना?" आम्ही "हो" म्हणालो. कशाच्या आधारावर म्हणालो? कशाच्याही नाही. ताई सुखरूप बाळंत झाली. परंतु रुग्णालयाच्या आवारात गाडी लावली तेव्हा उजव्या पुढच्या चाकाजवळ जळका वास येत होता. रिमला हात लागला तर तो डाव्या चाकापेक्षा कितीतरी जास्त तापलेला होता.

सकाळी परतताना आयटीआय केलेला आमच्यातला एक मुलगा सोबत होता. त्याने डोळे मिटून आवाज ऐकला आणि चालवणाऱ्याला म्हणाला, "दादा, मोकळ्या रस्त्यावर जरा डावीकडे घ्या, मग उजवीकडे." डावीकडे वळताना आवाज वाढला, उजवीकडे वळताना कमी झाला. तो म्हणाला, "उजव्या चाकाचं बेअरिंग गेलंय." डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून खराब झालेले उजवे बेअरिंग तेव्हा जास्त ओरडते. गाडीत तीन पदवीधर होते. दोन महिने तो आवाज ऐकूनही एकालाही हे सुचले नव्हते.

घरी आल्यावर त्याने आम्हाला तपासणी शिकवली. ती प्रत्येकाला यावी म्हणून येथे लिहितो. गाडी सपाट जागेवर लावायची, हातब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे. चाक जॅकवर उचलायचे, पण केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालायचे नाही. खाली पक्का स्टँड हवाच. मग चाक घड्याळ समजून बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरायचे आणि आतबाहेर हलवायचे. त्यानंतर तीन आणि नऊच्या जागी. फक्त तीन आणि नऊला खेळ असेल तर संशय स्टिअरिंगच्या सांध्यांवर. दोन्हीकडे असेल तर बहुधा बेअरिंग. खात्री करण्यासाठी एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने चाक पुन्हा हलवायचे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये आहे. तरीही हलत असेल तर खालचे बॉल जॉइंट आणि इतर सांधे पाहायचे. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवायचे. आतले छर्रे खराब झाले असतील तर स्प्रिंगवर खरखर हाताला लागते. आमच्या हाताला ती स्पष्ट लागली.

बेअरिंग का जाते? त्यात छर्रे आणि दोन कड्या असतात, आत ग्रीस असते आणि बाजूने सील असते. सील झिजले की पाणी आणि माती आत जाते, ग्रीस खराब होते, गंज धरतो, छर्ऱ्यांची वाट खडबडीत होते. खड्ड्यातले धक्के आणि जास्तीचा भार हे काम लवकर करतात. आमच्या वस्तीकडे येणारा रस्ता पावसाळ्यात गुडघाभर पाण्याखाली असतो आणि पाच जणांच्या गाडीत आम्ही सात जण बसवतो. रस्ता नगरपालिकेने केला नाही हे खरे. सात जण आम्ही बसवले हेही खरे. दोन्ही गोष्टी सोबत बोलल्या पाहिजेत.

मग दुरुस्ती. पहिल्या गॅरेजवाल्याने सांगितले की बेअरिंग जागच्या जागी हातोडीने ठोकून बसवतो, तासाभराचे काम आहे. आमच्या मुलाने नको म्हटले आणि गाडी एका जुन्या उस्तादांकडे नेली. त्यांच्याकडे प्रेस मशीन आहे. चाकाचा हब ज्या लोखंडी भागात बसतो त्याला मिस्त्री लोक 'नकल' म्हणतात. उस्तादांनी ती नकल पूर्ण सोडवून बाहेर काढली. ब्रेकचा कॅलिपर त्यांनी होजवर लोंबकळत ठेवला नाही, तारेने स्प्रिंगला बांधला. आम्ही विचारले, एवढा खटाटोप कशाला? त्यांनी जे सांगितले ते असे.

नवे बेअरिंग नकलीत बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर द्यायचा. हब बेअरिंगमध्ये बसवताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. हे उलटे केले किंवा हातोडीने ठोकले तर सगळा मार छर्ऱ्यांमधून जातो, कडीवर बारीक खळगे पडतात आणि नवे बेअरिंग थोड्याच दिवसांत जुन्यासारखे गुणगुणू लागते. मग गिऱ्हाईक म्हणते, माल डुप्लिकेट होता. माल कधी डुप्लिकेट असतोही, पण अनेकदा मारलेला असतो हातोडीने. अलीकडच्या काही बेअरिंगांच्या एका बाजूला एबीएससाठी चुंबकीय पट्टी असते, ती बाजू उलटी बसली तर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. अॅक्सलचा मोठा नट एकदा काढला की नवा लावायचा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच, टॉर्क पान्याने आवळायचा. तो पूर्ण आवळल्याशिवाय गाडीचे वजन त्या चाकावर येऊ द्यायचे नाही. आणि थोडी गाडी चालवल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासायचे.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली तर आवाज बंद. डावे चाकही तपासले. ते ठीक होते, म्हणून बदलले नाही. "दोन्ही बाजू बदलायलाच लागतात," असे सांगून पैसे काढणारेही असतात. उस्तादांनी तसे केले नाही.

आता पासिंग. एजंटाचा प्रस्ताव अजून तसाच होता. आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, "गाडी आता ठीक आहे, मग एजंटाला पैसे देऊन मोकळे होऊ, त्यात काय बिघडले?" दुसऱ्याने उत्तर दिले, "गाडी ठीक आहे, मग एजंट कशाला?" दुसऱ्याचे म्हणणे मान्य झाले. नोंदणी संपण्याच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. आम्ही तो ऑनलाइन भरला. विमा, पीयूसी, कराची पावती, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सगळे तपासले. मागचा एक रिफ्लेक्टर फुटला होता, तो बदलला. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर एकेक करून पाहिले. ठरलेल्या दिवशी तिघे जण गाडी घेऊन गेलो.

निरीक्षकांनी चासी नंबर पाहिला, इंजिन नंबर पाहिला, दिवे लावायला सांगितले. एका बाजूचा ब्रेक लाइट लागला नाही. सकाळी लागत होता, तिथे लागला नाही. "उद्या या," असे ते म्हणाले. आम्ही आवाज न चढवता विचारले, "साहेब, नामंजूर करत असाल तर कारण लेखी मिळेल का?" कलम ४५ सांगते की नोंदणी किंवा नूतनीकरण नाकारले तर अर्जदाराला कारणांसह आदेशाची प्रत दिली पाहिजे. साहेबांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "नामंजूर कुठे करतोय? बल्ब बदलून आणा, मी आहे चारपर्यंत." बल्ब बदलला. साडेतीनला काम झाले. साहेब वाईट नव्हते, ब्रेक लाइट खरेच बंद होता आणि तो दाखवणे हे त्यांचे कामच होते. मात्र "उद्या या" आणि "चारपर्यंत या" यांच्यात आमच्या तिघांची आणखी एक दिवसाची मजुरी होती. ती कायद्यातल्या एका वाक्याने वाचली.

परत येताना पहिला मित्र हसून म्हणाला, "बघितलं? साहेबांनी चाकाला हातसुद्धा लावला नाही. बेअरिंग बदललं नसतं तरी पास झालो असतो. पैसे फुकट गेले."

खरा मुद्दा येथे आहे. त्याचे निरीक्षण बरोबर होते. ते खराब बेअरिंग घेऊनही आम्हाला पुढच्या पाच वर्षांचा शिक्का मिळाला असता. परंतु त्याचा निष्कर्ष चुकीचा होता. शिक्का मिळाला म्हणून चाक सुरक्षित होत नाही. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर शिक्क्याने देता येत नाही. आणि एजंटाचा धंदा नेमका याच फटीवर उभा आहे. तपासणी म्हणजे अडथळा, अडथळा म्हणजे पैसे देऊन ओलांडायची गोष्ट, हे त्याने आपल्या डोक्यात पक्के बसवले आहे. खरे तर प्रामाणिक तपासणी हा वाहन चालवणाऱ्याचा, त्यात बसणाऱ्याचा आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याचा हक्क आहे. ती विकत घेऊन टाळणे म्हणजे आपलाच हक्क आपल्याच पैशाने विकणे.

तपासणी कशी असावी याची उदाहरणे जगात आहेत. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये खासगी मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची एमओटी तपासणी होते. तिच्या नियमपुस्तिकेत चाकाच्या बेअरिंगचा वेगळा उल्लेख आहे. बेअरिंगमध्ये जास्त खेळ किंवा खरखर सापडली तर गाडी नापास होते, आणि बेअरिंग तुटण्याच्या बेतात असेल तर तो दोष 'धोकादायक' या वर्गात जातो. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली तपासणी पंधराव्या वर्षी, आणि तीही बहुतेक वेळा चासी नंबर आणि दिव्यांपुरती. मधल्या पंधरा वर्षांत फक्त धुराचा दाखला.

मात्र शुल्क वाढवताना सरकारला उशीर होत नाही. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, दुचाकीचे ३०० वरून १,०००. उशीर झाला तर मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये जादा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी हे शुल्क १०,००० करण्यात आले. महाराष्ट्रात हरित कर वेगळा. शहाण्या माणसाने विचारावे की जुनी गाडी कोण वापरतो? ज्याच्या घरात पहिली गाडी याच पिढीत आली आणि तीही दुसऱ्याने वापरून सोडलेली आली, तो. जुन्या गाड्यांचा धूर जास्त, हे म्हणणे आम्ही नाकारत नाही. वस्तीतल्या मुलांच्या छातीत तोच धूर जातो. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की गाडीचे वय मोजून पैसे घेण्यापेक्षा गाडीची स्थिती मोजावी. धूर मोजा, ब्रेक मोजा, चाकाचा खेळ मोजा. नीट राखलेल्या गाडीला शिक्षा आणि खराब गाडीला एजंटामार्फत सुटका, हा न्याय नव्हे.

शेवटी उस्तादांबद्दल आणि आयटीआयच्या त्या मुलाबद्दल. जाती व्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला खाली आणि हात न मळवणाऱ्याला वर बसवले, हे आपण भाषणात सांगतो. परंतु आपल्या सभेत पदवीधराला खुर्ची आणि मेकॅनिकला सतरंजी, हे चित्र आपण पाहिलेले नाही काय? बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. यंत्राचे ज्ञान ही सत्तेची वाट आहे हे त्यांनी त्या काळात ओळखले होते. आज आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेली आपली मुले नोकरी नाही म्हणून घरी बसतात, आणि आपण एजंटाला साडेचार हजार द्यायला तयार असतो. त्याच पैशांत त्या मुलाला एक चांगला टॉर्क पाना आला असता.

आम्ही आता एवढे ठरवले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारासमोरच्या मोकळ्या जागेत वस्तीतल्या गाड्या आणि दुचाकी तपासायच्या. तो मुलगा शिकवणार, त्याच्या वेळेचे मानधन वर्गणीतून देणार. चाकाचा खेळ, ब्रेक, टायर, दिवे. ज्याची नोंदणी संपत आली असेल त्याचा फॉर्म तिथेच भरायचा, कलम ४५ ची छापील प्रत सोबत द्यायची. आणि कार्यालयातला लोकसेवा हक्काचा फलक वाचून कोणती सेवा किती दिवसांत मिळायला हवी हे लिहून आणायचे. २०१५ च्या कायद्याने मुदत पाळली नाही तर अपिलाचा अधिकार दिलेला आहे.

आणि गाडीत पाचच जण बसतील. हा नियम सर्वात अवघड जाणार आहे, हे आम्हाला माहीत आहे.

परवा त्या ताईला बाळासह तपासणीसाठी पुन्हा रुग्णालयात नेले. सासूबाई मागे बसल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, "आज गाडी बोलंना गेली." आम्ही म्हणालो, "हो आई, चाक बघून घेतलंय." या वेळी आमच्या "हो" ला आधार होता.

जय भीम!